जोडीचा भाव

शर्वरी नलवडे ऑफिसात शिरली, समोरच्या खुर्चीत बसलेली रुही मुजावर तिला दिसली, आणि ती दारातूनच मागं वळली.

"नंतर येतो काका," ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल बोलताना 'येतो-जातो' असंच म्हणतात.

"नंतर नाही, आत्ता. बस खाली." बाबासाहेब सरनाईक पंचगंगा एफसी या कोल्हापूरच्या महिला संघाचे सचिव होते. या दोघींना त्यांनी शाळेच्या गणवेशात फुटबॉल खेळताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचं ऐकावं लागे.

शर्वरी मधली एक खुर्ची सोडून बसली. रुही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

दोघी कमानवेस तालमीच्या मैदानावर वाढल्या. रुही मधल्या फळीत, शर्वरी आघाडीला. मग तीन वर्षांपूर्वी एका फायनलनंतर रुही कुणाला काही न सांगता पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडे गेली. कोल्हापुरात खेळाडूनं तालीम बदलणं म्हणजे घरातल्या माणसानं सामान उचलून शेजाऱ्याकडे राहायला जाण्यासारखं. पुढं व्यावसायिक महिला लीग सुरू झाली, शहराचा एकच संघ झाला, आणि दोघी पुन्हा एका जर्सीत आल्या. पण बोलणं बंद झालं ते बंदच राहिलं. रुहीचा पास शर्वरी वळायच्या आधीच तिच्या पायाशी यायचा, गोल व्हायचा, सगळ्या जणी शर्वरीच्या गळ्यात पडायच्या, आणि पास देणारी तेवढी आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची. गावाला हे सगळं माहीत होतं.

"पुण्याच्या सह्यगिरी क्लबची मागणी आलीय," बाबासाहेब म्हणाले. "दोघींना."

"काका, मी जायला तयार आहे. एकटी. तसं कळवा त्यांना," शर्वरी म्हणाली.

"काका, मी बी तयार आहे," रुही कॅलेंडरला म्हणाली. "एकटी."

"अगं, पण एकटीला विचारतंय कोण?" बाबासाहेबांनी संगणकाचा पडदा दोघींकडे वळवला. त्यावर दोघींचे फोटो होते आणि मध्ये एकच आकडा होता, एक्क्याऐंशी. "देशात एवढा मेळांक दुसऱ्या कुठल्या जोडीचा नाही. दोघी मिळून गेलात तर लॉटरी. एकेकटीला बघायला सुद्धा कुणी येणार नाही. मी काय नियम केला नाही हा, बाजारच तसा झालाय."

बाजार तसा का झाला, हे आधी सांगायला हवं.

डॉ. हेमांगी वर्तक यांचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता. माणसाचे स्नायू हालचालीची तयारी कशी करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. एका वर्षी त्यांनी ढोलपथकातल्या वादकांच्या दंडांवर पातळ पट्ट्या चिकटवल्या. स्नायू हलण्याआधी त्यात जो बारीकसा विद्युतसंदेश उमटतो तो या पट्ट्या टिपत. वर्तकांना एक गंमत दिसली. काही वादक शेजाऱ्याचा टिपरू खाली येताना बघून आपला हात हलवत होते. पण काहींचे स्नायू शेजाऱ्याचा हात उठायच्याही आधी तयार होत होते. त्यांचा मेंदू वाट बघतच नव्हता. समोरच्याच्या खांद्यावरून, श्वासावरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलेल्या भारावरून तो पुढची गोष्ट आधीच ताडत होता. वर्तकांनी याला नाव दिलं पूर्वचाहूल. दोन माणसांमध्ये ही चाहूल किती खोल आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे मेळांक.

फुटबॉलला हे लागू पडणारच होतं. डोळ्यांना दिसलं आणि पाय हलला, यात सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात बचावपटू मध्ये येतो. म्हणजे बघून निघणारा नेहमी उशिरा पोचतो आणि ताडून निघणारा आधी. नडगीच्या पॅडमध्ये पट्टी बसवून मोजमाप सुरू झालं. अनोळखी खेळाडूंचा मेळांक पाच-सात येई, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्यांचा तीस, जुळ्या बहिणींचा पन्नासच्या पुढे.

आणि मग क्लबांच्या जुन्या दुखण्याचा उलगडा झाला. सर्वांत श्रीमंत क्लबानं विक्रमी किंमत मोजून एखादा खेळाडू आणावा आणि त्यानं नव्या संघात हरवल्यासारखं फिरावं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. लोक हवामानाला दोष देत, कोचला देत, खेळाडूच्या बायकोलाही देत. वर्तकांच्या आकड्यांनी दाखवलं की त्या खेळाडूचं निम्मं कौशल्य जुन्या क्लबातल्या कुणा दुसऱ्याच्या पायांत राहून गेलेलं होतं. क्लब आजवर अर्धीच वस्तू विकत घेत होते.

दोन मोसमांत बाजार उलटा झाला. खेळाडू जोडीनं विकले जाऊ लागले. जोडीदार निवृत्त झाला की नावाजलेला आघाडीपटू एका दिवसात मातीमोल होई. आईबाप चुलत भावंडांना एकाच मैदानावर घालू लागले. करारांत जोडीची कलमं आली.

शर्वरीनं घरी आल्यावर दोन दिवस हा विषयच काढला नाही. शेवटी आईनंच विषय काढला.

"जायचं मनात आहे ना तुझ्या?"

"आहे. पण तिच्याबरोबर?"

"तिच्याशी बोलू नकोस, पण तिच्याबरोबर जा की. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं ती कुलकर्णीबाई बसायची. आम्ही कधी बोललो काय?"

रुहीच्या घरी काय बोलणं झालं ते शर्वरीला कळायचं कारणच नव्हतं. पण जूनमध्ये पुण्याच्या गाडीत दोघी चढल्या, एक पुढच्या सीटवर, एक मागच्या.

सह्यगिरीचं मैदान तळेगावच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला होतं आणि त्याला लागूनच डॉ. वर्तकांची प्रयोगशाळा. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातापायांकडे बघत.

"एक्क्याऐंशी," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मला वाटलं होतं यंत्रात बिघाड आहे. आज मला तुम्हाला थोडा त्रास द्यायचाय."

त्यांनी दोघींना मैदानावर उभं केलं आणि एकेक गोष्ट काढून घ्यायला सुरुवात केली. आधी रुहीच्या कमरेखालचा भाग शर्वरीला दिसू नये असा पडदा लावला. आकडा थोडा उतरला. मग खांदे झाकले. बराच उतरला. शेवटी दोघींच्या कानांत बोळे घातले. आकडा जागचा हलला नाही.

वर्तकांनी प्रयोग पुन्हा केला. तरी तेच.

"कान बंद केले की बाकीच्या जोड्या निम्म्यावर येतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काहीच फरक पडत नाही. तुम्ही मैदानावर एकमेकींना हाका मारत नाही का?"

"नाही," शर्वरी म्हणाली.

"का?"

"सवय नाही," रुही बुटाची नाडी बांधत म्हणाली.

मोसम जोरात सुरू झाला. सह्यगिरीनं या जोडीसाठी आपली गोलरक्षक आणि दोन अनुभवी बचावपटू सोडून दिल्या होत्या. क्लबचे क्रीडासंचालक रोहित किर्तने यांचा तो निर्णय होता आणि मालकांपुढे त्यांनी तो अंगावर घेतला होता. पहिले सहा सामने संघ हरला नाही. पत्रकारांनी दोघींना 'मुकी जोडी' असं नाव ठेवलं. जाहिरातीत त्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. क्लबच्या रिवाजाप्रमाणे जोडीला एकच फ्लॅट मिळाला होता. तिथं दोघी एकमेकींना न धडकता इतक्या सफाईनं वावरत की एकीनं फ्रिज उघडायला जावं आणि दुसरीनं आधीच बाजूला झालेलं असावं. यात काही नवल आहे, हे दोघींच्या लक्षातही येत नव्हतं.

एका रविवारी सकाळी शर्वरीला पुण्याच्या जेवणाचा अगदी वीट आला. बाहेरच्या डब्यात गोडसर आमटी असायची. तिनं मटण आणलं, तांबडा रस्सा करायचा ठरवला, आणि कढईत खोबरं भाजायला घेऊन फोनवर आईला मसाल्याचं प्रमाण विचारत बसली.

"खोबरं करपायला लागलंय."

शर्वरीचा हात थांबला. रुही दारात उभी होती. वाक्य बाहेर पडून गेल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"दिसतंय मला," शर्वरी म्हणाली.

"दिसतंय तर गॅस बारीक कर की."

शर्वरीनं गॅस बारीक केला आणि आईला "नंतर करतो फोन" म्हणून ठेवून दिला. रुही आत आली, तिनं झारा घेतला आणि काळे पडलेले तुकडे बाजूला काढू लागली. रस्सा होईपर्यंत दोघी फक्त मीठ आणि तिखट याबद्दल बोलल्या. जेवायला बसल्यावर रुहीनं वाटीकडे बघत विचारलं, "त्या फायनलला मला बाहेर बसवा म्हणून तालमीच्या सरांना तूच सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं. घोटा सुजून कांद्याएवढा झाला होता तुझा. आज झाला तर आज पण सांगेन."

"मला सांगायचंस की आधी."

"तू ऐकलं असतंस?"

रुहीनं खरंच थोडा विचार केला. "नसतं ऐकलं."

"आणि तू? तू तालीम बदललीस ते मला पेपरात वाचायला लागलं."

"रागात होतो."

"तीन वर्षं?"

"पहिलं एक वर्ष रागात होतो. मग बोलायचं कसं तेच कळंना."

शर्वरी हसली, आणि हसताना तिला ठसका लागला, कारण रस्सा भलताच तिखट झाला होता. रुहीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी बोलत होत्या. मधल्या काळात कुणाचं लग्न झालं, कुणी दुकान टाकलं, सरनाईक काकांचा गुडघा कसा आहे. रुहीच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती, हे शर्वरीला आत्ता कळलं. तिला वाईट वाटलं, तर रुहीनं फोनमधले बाळाचे फोटो दाखवायला काढले, आणि त्यात तासभर गेला.

पुढच्या सामन्यानंतर वर्तकांनी दोघींचे पॅड काढून घेतले आणि नव्या पट्ट्या बसवल्या. आठवड्यानं पुन्हा बदलल्या. मग त्यांनी दोघींना बोलावून घेतलं.

"आकडा घसरतोय. पंचाहत्तर, एकोणसत्तर, आज बासष्ट. पट्ट्या ठीक आहेत, तुम्ही दोघी धडधाकट आहात. मला सांगा, काय बदललंय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बोलायला लागलो," रुही म्हणाली.

"म्हणजे?"

मग शर्वरीनं सगळं सांगितलं. तालीम, फायनल, तीन वर्षं, खोबरं. वर्तक प्रथमच तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या खुर्चीत मागं रेलल्या.

"म्हणजे तो आकडा मैत्रीचा नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "मी आजवर सगळ्यांना तसं सांगत आले. हे बघा, मैदानावर आपल्या माणसाकडून माहिती दोन वाटांनी येते, आवाजानं आणि नजरेनं. तुमची आवाजाची वाट बंद होती. शिवाय तुम्ही एकमेकींना टाळत होतात. आणि टाळायचं म्हणजे ते माणूस कुठं आहे, कुठं वळणार आहे, हे सतत माहीत असावं लागतं. तीन वर्षं तुम्ही एकमेकींना जेवढं पाहिलंत तेवढं आईसुद्धा मुलाला पाहत नाही. आता रुहीला सांगून टाकता येतं. मग मेंदू कशाला कष्ट घेईल?"

"रागात माणूस एवढं बघतं?" रुहीनं विचारलं.

"राग असो नाहीतर काळजी, लक्ष सारखंच लागतं. स्नायूंना त्यातला फरक कळत नाही."

परत जाताना दोघी मैदानाच्या कडेनं चालल्या होत्या. मग शर्वरी म्हणाली, "तुझ्या नाकपुड्या फुगल्या की पास डावीकडं येतो."

"आणि तू पळायच्या आधी उजवा खांदा पाडतेस," रुही म्हणाली. "मला कधी कळलं हे, आठवत नाही."

मैदानावरचा फरकही डोळ्यांना दिसत होता. पास पूर्वीसारखे जादूनं येत नव्हते. रुही ओरडायची, "मागं बघ!" शर्वरी ओरडायची, "थांब, येऊ नको!" बाकीच्या मुलींना आधी हे ओरडणं विचित्र वाटलं, मग त्याही उत्तर देऊ लागल्या. संघ एक सामना हरला, दोन बरोबरीत सुटले, एक जिंकला. वाईट नव्हतं. पण मेळांकाचे आकडे दर सोमवारी जाहीर होत, आणि बाजार सामने बघत नव्हता, सोमवार बघत होता.

किर्तनेंनी दोघींना बोलावलं. माणूस सभ्य होता. त्यांनी चहा मागवला.

"मी तुमच्याशी सरळ बोलतो. अहमदाबादचा क्लब तुमची जोडी घ्यायला तयार आहे. मिळेल त्यातून मला गोलरक्षक आणता येईल, नाहीतर या कच्च्या बचावानं मोसम संपेपर्यंत संघ खालच्या श्रेणीत जाईल. पण त्यांना चाचणीत पंचाहत्तर हवेत. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत. तुम्ही तेवढे दिवस एकमेकींशी बोलू नका, एवढीच माझी विनंती आहे. वेगवेगळे फ्लॅट देतो."

"आणि पंचाहत्तर नाही झाले तर?" शर्वरीनं विचारलं.

"तर तुम्ही दोन साध्या खेळाडू आहात. साध्या खेळाडूंना सध्या गिऱ्हाईक नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

ते खोटं नव्हतं. दोघींनी होकार दिला, निम्मा भीतीनं आणि निम्मा उत्सुकतेनं, की खरंच होतंय का बघू. रुही वरच्या मजल्यावर राहायला गेली. सरावाला दोघी तोंड मिटून आल्या. पहिल्याच दिवशी शर्वरीचा फटका गोलपोस्टवर आपटून थेट कोचच्या पाठीत बसला, आणि दोघींना हसू आवरेना. रुही तोंडावर जर्सी ओढून खाली बसली. आकडा अठ्ठावन्न.

"न बोलणं आणि अबोला धरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत," वर्तकांनी आपल्या टिपणात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग एका सकाळी किर्तनेंनी रुहीला एकटीला बोलावून घेतलं.

"खरं तर हे मी सांगायला नको," ते म्हणाले. "पण तुला माहीत असावं. शर्वरीला स्वतंत्र ऑफर आली तर ती जायला तयार आहे. परवाच तिच्याशी बोलणं झालं."

खाली मैदानावर शर्वरी इतर मुलींबरोबर वॉर्म-अप करत होती. वरच्या काचेतून रुही तिच्याकडे पाहत राहिली. तीन वर्षं पाहत आली होती तशीच. तिनं आपला पॅड चढवला आणि खाली उतरली.

त्या सरावात रुहीनं तोंडातून अक्षर काढलं नाही. हसलीही नाही. शर्वरीनं पहिली पाच मिनिटं तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं, मग तीही पाहतच राहिली, कारण काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. पास पुन्हा जादूनं येऊ लागले. शर्वरी वळायच्या आधी चेंडू पायात. कोचनं शिट्टी तोंडातून काढून नुसतं बघत राहावं, असा तो तास झाला.

आकडा अठ्ठ्याहत्तर.

"झालं!" किर्तने म्हणाले. "मी अहमदाबादला कळवतो."

वर्तक पडद्याकडे बघत होत्या. "आकडा एका रात्रीत एवढा चढत नाही, रोहित. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. दोघींना थोडं लक्ष केंद्रित करायला लावलं."

"मी यंत्र बनवलं ते माणसं काय करतात हे बघायला. त्यांनी काय करावं हे ठरवायला नाही." त्या उठल्या. पण चेंजिंग रूमकडे जाणाऱ्या जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा आतून आवाज येत होते, आणि त्या तिथंच थांबल्या.

आत रुही बाकावर बसून नाडी सोडत होती. घरी जायचं, फोन बंद करायचा, आणि अहमदाबादला गाडीत मागच्या सीटवर बसायचं, असं तिच्या मनात जवळजवळ ठरलं होतं. तसं करणं अगदी सोपं होतं. तिनं एक बूट काढला, दुसरा काढला, आणि मान वर केली.

"तू एकटी जायला तयार आहेस, असं किर्तने सरांना म्हणालीस काय?"

शर्वरी टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. "कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. म्हणालीस काय तेवढं सांग."

"त्यांनी विचारलं, एकटीला ऑफर आली तर? मी 'बघू' म्हटलं."

"बघू?"

"बघू म्हणजे नाही गं! आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय असतं? लग्नाला या म्हटलं की आपण 'बघू' म्हणतो, जातो काय कधी?"

रुहीचं तोंड उघडं राहिलं. मग ती एवढ्या मोठ्यानं हसली की जिन्यात उभ्या वर्तकांनाही हसू फुटलं. हसता हसता रुहीचे डोळे भरून आले, ते तिनं हातातल्या मोज्यानंच पुसले.

"मी आज पुन्हा निघून जाणार होतो," ती म्हणाली.

"दिसत होतं," शर्वरी तिच्या शेजारी बसत म्हणाली. "तासभर तेच बघत होतो."

दोघी तशाच, एक अनवाणी आणि एक ओल्या केसांनी, किर्तनेंच्या ऑफिसात गेल्या. बोलली शर्वरी.

"सर, चाचणीत पंचाहत्तर येणार नाहीत. आता काय केलं तरी येणार नाहीत, कारण आता आम्ही एकमेकींना विचारतो. गोलरक्षकासाठी पैसे हवेत तर आम्हाला वेगवेगळं विकायला काढा. एकेकटीचा जो काय भाव येईल तो येईल."

"तुम्हाला कळतंय का, याचा अर्थ काय होतो?"

"कळतंय," रुही म्हणाली. "वाईट वाटतंय तुमच्यासाठी पण. गोलरक्षक तेवढी सोडायला नको होती तुम्ही."

किर्तनेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मालकांना द्यायचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. "मी रुहीला जे सांगितलं, ते बरोबर नव्हतं," ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी अहमदाबादला फोन लावला आणि चाचणी रद्द केली.

खिडकी बंद होण्याच्या आदल्या दिवशी कोचीच्या एका क्लबानं रुहीला नेलं. मेळांकावर खर्च करायची ऐपत नसलेला तो क्लब होता, आणि मिळेल ते खेळाडू गोळा करत होता. शर्वरीला कुणी मागितलं नाही. ती पुण्यातच राहिली. सह्यगिरी एका गुणानं खालच्या श्रेणीत जाता जाता वाचली. किर्तनेंची नोकरी मात्र वाचली नाही.

रुहीला निरोप द्यायला शर्वरी स्टेशनवर गेली होती. रडारड झाली नाही. वेळ सगळा भांडण्यात गेला, कारण प्रेशर कुकर कुणाचा हे ठरत नव्हतं.

पुढच्या मोसमात कोचीचा संघ पुण्यात खेळायला आला. शर्वरी आता सह्यगिरीची कप्तान होती. सामन्याच्या मध्यावर ती चेंडू घेऊन निघाली आणि समोर रुही आली. डावीकडून जावं असं शर्वरीच्या मनात येईपर्यंत रुहीचा भार डाव्या बाजूला गेलेला होता. मग उजवीकडून. तिथंही ती होतीच. आणि रुही चेंडू काढायला पाय पुढं घालणार, तोवर शर्वरीनं चेंडू मागं ओढलेला होता. क्षणभर दोघी चेंडूच्या दोन बाजूंना नुसत्या थबकल्या. प्रेक्षक ओरडत होते, की या खेळत का नाहीत? दोघींना मात्र आपण एवढं कधीच खेळलो नव्हतो असं वाटत होतं. नव्वद मिनिटं त्यांनी एकमेकींचं काही चालू दिलं नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. शेवटच्या मिनिटाला मात्र शर्वरी रुहीच्या पायात अडखळून पडली आणि पंचांनी हात हलवून खेळ पुढं चालू ठेवला.

सामना संपल्यावर वर्तक बाजूच्या रेषेवरून जवळजवळ धावतच आल्या. हातात टॅबलेट होता.

"तुम्ही दोघी थांबा. विरुद्ध संघांतल्या दोन खेळाडूंचा मेळांक आजवर कुणी काढलाच नव्हता, आणि तिथं तर आवाजाची वाट आपोआप बंद असते, नजर एकमेकींवरच. कुणाला तशी गरजच वाटली नाही. मी आज काढलाय."

"किती आला?" रुही म्हणाली.

"सांगू नका मॅडम," शर्वरीनं घाईनं म्हटलं. "उद्या कोणीतरी तो पण विकायला काढेल."

वर्तकांनी दोघींच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडांकडे. टॅबलेट बंद करून त्यांनी तो काखेत धरला. "बरं. नाही सांगत. पण मला आता पुढची पाच वर्षं पुरेल एवढं काम मिळालंय," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत प्रयोगशाळेकडे चालू लागल्या.

फाटकाजवळ कोचीच्या बसनं हॉर्न वाजवला.

"तुझी गाडी," शर्वरी म्हणाली.

"जातो. पण तो फाऊल नव्हता."

"फाऊलच होता. माझ्या नडगीवर बघ, वळ उठलाय."

"तो मागच्या सामन्यातला आहे. टीव्हीवर बघितलाय मी."

हॉर्न पुन्हा वाजला. रुहीनं मागं न बघताच ड्रायव्हरला हातानं थांबायची खूण केली आणि वळ नीट बघायला खाली बसली.